मॅडमचा उजवा कान

"काय दिसतंय?" हिरव्या कापडाखालून आवाज आला.

 मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. समोर जे दिसत होतं ते मला नको होतं.

कानाची काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून करतात. इंजेक्शन देऊन कान तेवढा बधिर करायचा. पेशंट मध्येच "गरगरतंय" म्हणाला तर हात थांबवता येतो. "ऐकू यायला लागलं" म्हणाला तर सगळ्या ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, चेहरा खुलतो. त्यामुळे टेबलावरचा पेशंट बोलला याचं आम्हाला काही वाटत नाही. पण "काय दिसतंय?" असं विचारणारा पेशंट मला आजवर भेटला नव्हता. विचारणाऱ्या होत्या देवरे मॅडम. हे ऑपरेशन मला शिकवलं त्यांनीच.

मी जळगावात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. मूळचा चोपड्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. शिकायला धुळ्याला गेलो तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला तीन पाटील होते. मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं, गावं विचारली आणि आडनावं रद्द करून टाकली. एक साक्री, एक यावल आणि मी चोपडा. तेव्हापासून "ए चोपडा!" अशी हाक आली की मी धावत सुटायचो. बाहेरून आलेल्या नर्सेस ते आडनाव धरून मला पंजाबी समजायच्या. एका सिस्टरने तर वर्षभर माझ्याशी हिंदीत बोलून काढलं.

मॅडमची हाक म्हणजे काय होती, ते ज्याने ऐकली त्यालाच कळेल. बाई उंचीने पाच फुटांच्या आत, पण ओपीडीत बोलल्या की बाहेर बाकावरचे पेशंट सावरून बसत. साक्रीकडून, पिंपळनेरकडून आया पोरांना घेऊन यायच्या. पोरांचे कान वाहत असायचे. घरी लसूण घालून कढवलेलं तेल कानात ओतलेलं असायचं. मॅडम आधी पोराच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, मग आईकडे वळून गरजायच्या, "कानमा तेल टाकानं नही!" ती बाई हबकायची आणि लगेच हसायचीही, कारण एवढी मोठी डॉक्टरीण आपल्या बोलीत रागावतेय, हे तिने कुठे ऐकलेलं नसायचं.

आमच्याकडे एक जुना मायक्रोस्कोप होता. त्याचा बल्ब नेमका मोक्याच्या वेळी जायचा. मग आम्ही अंधारात हात तसेच धरून उभे आणि वॉर्डबॉय नवा बल्ब आणायला पळालेला. त्या वेळात मॅडम कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या, भाकरीचा विषय काढायच्या. कुणाच्या घरी कळण्यात उडीद किती घालतात, भरताची वांगी कुणाच्या शेतातली चांगली, तेल वरून घालायचं की आधी. पेशंट जागा असला तर तोही चर्चेत भाग घ्यायचा. बल्ब आला की मॅडम म्हणायच्या, "चला, जेवण झालं," आणि हात पुन्हा कामाला लागायचे. आज माझ्या ओटीत स्क्रीनवर सगळं हातभर मोठं दिसतं, दिवा कधी जात नाही, आणि ओटीत जेवणावर कोणी बोलत नाही.

असो. त्या मॅडम टेबलावर कशा आल्या ते सांगतो.

धुळ्यात आमच्या जुन्या डिपार्टमेंटमधल्या एकाचा निरोप समारंभ होता. मॅडमना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या आल्या. पांढरी सुती साडी, तोच चष्मा. भाषणाला उभ्या राहिल्या आणि मागच्या रांगेतल्यांना काही ऐकू जाईना. माईक असून. मॅडम इतक्या हळू बोलत होत्या की माझ्या शेजारी बसलेला साक्री म्हणाला, "वयाने माणूस किती मऊ होतो बघ."

मला ते पटलं नाही. मॅडम मऊ होणाऱ्यातल्या नव्हत्या.

माणूस हळू बोलायला लागतो त्याचं एक वैद्यकीय कारणही असतं. कानाच्या पडद्यामागे तीन इवल्या हाडांची साखळी असते. आवाज पडद्यावर आदळला की ही हाडं हलतात आणि तो आत, ऐकण्याच्या नसेपर्यंत पोचवतात. तिसरं हाड घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. काही लोकांत, आणि बायकांत जास्त, हे तिसरं हाड हळूहळू जाम होतं. गंजलेल्या बिजागरीसारखं. बाहेरचा आवाज आत जात नाही, पण स्वतःचा आवाज कवटीच्या हाडातून थेट आत पोचतो. त्यामुळे त्या माणसाला आपणच फार मोठ्याने बोलतोय असं वाटतं आणि तो आवाज कमी करतो.

समारंभ संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "चल, तुला बसस्टँडवर सोडते." हॉलच्या व्हरांड्यात, शांततेत, मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. त्यांनी दोन्हींची भलतीच उत्तरं दिली. मग आम्ही रिक्षात बसलो. इंजिनाची घरघर, शेजारून ट्रक, हॉर्न. आणि तिथे मॅडम माझं प्रत्येक वाक्य नीट ऐकत होत्या. मुलांचं विचारत होत्या, बायकोच्या गुडघ्याचं विचारत होत्या. गोंगाटात समोरचा नकळत ओरडून बोलतो आणि जाम हाडाच्या माणसाला गोंगाटाचा तेवढा त्रास होत नाही. म्हणून त्याला रिक्षात बरं ऐकू येतं आणि घरात नाही. हेही मला मॅडमनीच शिकवलं होतं.

स्टँडवर उतरताना मी म्हणालो, "मॅडम, एकदा कान तपासू या का?"

"माझ्या कानांना काय झालंय? लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

कान तपासायला आलेला प्रत्येक दुसरा पेशंट हेच म्हणतो. 

पुढे काही आठवड्यांनी त्या जळगावला माझ्या क्लिनिकमध्ये आल्या. आल्या म्हणण्यापेक्षा त्यांना आणलं, त्यांच्या धाकट्या बहिणीने. इंदूअक्का. पिंपळनेरला शाळेत शिकवायच्या, रिटायर झाल्यावर मॅडमकडे धुळ्याला राहायला आल्या. दोघी बहिणी, दोघींचंच घर. इंदूअक्का खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागल्या, आणि इतक्या मोठ्याने, की रिसेप्शनवरची मुलगी आत डोकावून गेली.

"कुकरच्या शिट्ट्या हिला ऐकू येत नाहीत. दारावरची बेल नाही. फोन उचलते, हो हो म्हणते, आणि मला विचारते कोण होतं! सोमवार-गुरुवारची ओपीडी बंद केली हिने. लोकांना सांगते, दमले. दमली कसली? सगळं कळतं हिला! हिले बठ्ठं समजस, पन ऐकस नही."

धुळ्यातल्या देवपुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात मॅडम आठवड्यातून दोन सकाळी पेशंट बघायच्या, हे मला माहीत होतं. ते बंद केल्याचं माहीत नव्हतं.

मी ट्यूनिंग फोर्क काढला. हा दोन लांब बोटांचा स्टीलचा चिमटा. कोपरावर हलका आपटला की गुंजतो. आधी कानासमोर धरायचा, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा. निरोगी माणसाला समोरचा आवाज मोठा वाटतो. मागचा मोठा वाटला तर समजायचं की नस चांगली आहे, पण वाट अडलीय.

मी पुढे व्हायच्या आत मॅडमनी फोर्क माझ्या हातातून घेतला. स्वतःच्या कोपरावर आपटला, समोर धरला, मागे टेकवला. दुसऱ्या कानाचंही तसंच केलं.

"मागे मोठा," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे. उजवा जास्त."

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या घरी फोर्क नाही असं वाटलं का तुला?"

इंदूअक्का बहिणीकडे बघतच राहिल्या. मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हिला माहीत होतं, आणि मी रोज देव्हाऱ्यापुढे हिच्या कानांसाठी हात जोडते."

ऑडिओग्राम काढला. ऐकण्याच्या चाचणीचा हा आलेख. जे फोर्क म्हणाला तेच त्यात आलं. उजवा कान बराच गेलेला, डावा त्यामानाने बरा, पण तोही उतरणीला. उपाय दोन. एक, कानाचं मशीन. यात नस चांगली असते, त्यामुळे मशीन फार छान काम करतं. दुसरा, ऑपरेशन. जाम झालेल्या हाडाच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडायचं आणि त्यात मिलिमीटरभर जाडीची सुद्धा नसलेली एक काडी बसवायची. साखळी पुन्हा हलायला लागते. जमलं तर तिथल्या तिथे ऐकू येतं. नाही जमलं तर आहे तेही जाऊ शकतं. म्हणून नेहमी जास्त खराब कान आधी करायचा.

"मशीन लावून बघू या का आधी?" मी विचारलं.

"नको."

"मॅडम, तुम्ही स्वतः किती लोकांना..."

"मी लोकांना काय सांगितलं ते मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. पूर्वी हे वाक्य व्हरांड्यापर्यंत गेलं असतं. "ऑपरेशनने बरा होणारा आजार आहे. मशीन कशाला? आणि पेशंटपुढे मशीन लावून बसायचं? कानाची डॉक्टरीण, आणि हिचाच कान गेला म्हणतील."

"मग मुंबईला माझ्या ओळखीचे एक सीनियर आहेत. रोज हेच करतात."

"मुंबईवाला माझं ऐकणार नाही. तू ऐकशील. तू कर."

आता यावर काय बोलणार? मी हो म्हणालो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हो म्हणालास ते ठीक आहे, पण चहात तिसऱ्यांदा साखर का घालतोयस?" मी चहाचा कप खाली ठेवला.

सीटी स्कॅन केला. त्यात वेगळं काही आलं नाही. पण कानात गोष्टी इतक्या बारीक असतात की आत गेल्याशिवाय काही कळत नाही, हे आम्ही प्रत्येक पेशंटला सांगतो. मॅडमना सांगितलं नाही. त्यांना काय सांगायचं, असं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी मॅडम स्वतः चालत ओटीत आल्या. लाईटकडे बघितलं, मायक्रोस्कोपवरून हात फिरवला, आमच्या रेखा सिस्टरना विचारलं, "ऑटोक्लेव्ह झालं का सगळं?" हत्यारं वाफेवर निर्जंतुक झाली का, असा त्याचा अर्थ. सिस्टर म्हणाल्या, "हो मॅडम." मग टेबलावर आडव्या झाल्या आणि डोकं बरोब्बर पाहिजे त्या कोनात वळवलं. मला उशी सरकवावी लागली नाही.

उजवा कान वर, डावा उशीत. त्यामुळे माझं बोलणं त्यांना पोचणं कठीण. आम्ही असं ठरवलं की रेखा सिस्टर पलीकडे स्टुलावर बसतील, मॅडमचा हात धरतील आणि मी म्हणेन ते कापडाखाली वाकून मोठ्याने सांगतील.

सुरुवात छान झाली. इंजेक्शन दिलं. पडद्याची कड उचलून पुस्तकाच्या पानासारखी पुढे उलटली. आत पहिलं हाड, दुसरं हाड. सुईने हलकेच ढकलून बघितलं. दोन्ही हलत होती. तिसऱ्याला टोचलं. ते ढिम्म. निदान पक्कं. मला हायसं वाटलं. मागच्या बाजूचं थोडं हाड खरवडून जागा मोठी केली, म्हणजे तिसऱ्या हाडाचा तळ दिसावा.

तळ दिसला नाही. त्यावर नस पडली होती.

चेहऱ्याची नस कानातून जाते. ओठ, डोळ्याची पापणी, गाल, सगळं तीच हलवते. एरवी ती हाडाच्या नळीत सुरक्षित असते, या तिसऱ्या हाडाच्या जरा वर. काही लोकांत ती नळी अर्धवट असते आणि नस उघडी पडते. मॅडमची नस उघडी तर होतीच, वर दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखी खाली लोंबली होती, नेमकी जिथे भोक पाडायचं तिथे. तळाची फक्त एक बारीक किनार दिसत होती.

याच वेळी त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

 त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी नाव घेऊन. "चोपडा. काय दिसतंय?"

"सिस्टर, सांगा त्यांना," मी म्हणालो. "फेशियल नर्व्ह उघडी आहे. तळावर आलीय."

रेखा सिस्टरनी वाकून ओरडून सांगितलं. सगळ्या ओटीने ऐकलं.

"किती झाकलाय?"

"जवळजवळ सगळा."

मॅडमनी सिस्टरचा हात घट्ट धरला. मग, "बाजूला सारता येते."

सारता येते, हे खरं आहे. जगात काही सर्जन ती नस हलक्या हाताने वर उचलून धरतात आणि खालून काम करतात. मी बोथट टोकाचं हत्यार घेतलं. नसेच्या कडेला, अगदी पिसासारखं, टेकवलं.

"सर," रेखा सिस्टर म्हणाल्या, "मॅडमचा ओठ उडाला."

मी हत्यार बाहेर काढलं. हातातून ट्रेमध्ये ठेवलं.

मॅडमना ते कळलं असणार. आपलाच ओठ. तरी त्या म्हणाल्या, "काही होत नाही. पुढे जा."

"सिस्टर, त्यांना सांगा मी बंद करतोय."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं.

"पुढे जा, चोपडा. मी सांगतेय."

तो आवाज हळू होता, पण मी क्षणात पंचविशीचा झालो. पायात चप्पल घालायचं भान न राहता धावत सुटणारा. धुळ्यात असतो तर गेलो असतो पुढे. त्यांनी "कर" म्हटल्यावर न केलेलं असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं. मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळे लावले. ती नस तिथेच होती, पांढरट गुलाबी, ओलसर. तिच्यामागे मॅडमचा चेहरा होता. वॉर्डात शिरताना भुवई वर व्हायची तो. रागावून झाल्यावर ओठाच्या एका कोपऱ्यात हसू यायचं तो.

"सिस्टर," मी म्हणालो, "त्यांना सांगा, आत्ता तुम्ही पेशंट आहात."

हे वाक्य सिस्टरनी ओरडून सांगितलं नाही. उशी दाबून अगदी डाव्या कानाशी जाऊन सांगितलं.  मॅडमनी सिस्टरचा हात सोडून दिला.

मी पडदा जागेवर ठेवला, कानात औषधाची पट्टी भरली आणि बाहेर आलो. बाहेर इंदूअक्का डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या.

"झालं?"

"नाही झालं, अक्का. आत नस आडवी आलीय. धोका होता. मी थांबलो."

त्यांना समजायला वेळ लागला. मग डोळ्यांत पाणी आणि तोंडात घरची बोली, दोन्ही एकदम आलं. "मंग इतला येळ मझार काय करी राहिनात तुम्ही?"

इतका वेळ आत काय केलं, ते मी त्यांना खाली बसवून पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी राउंडला गेलो. मॅडम भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. "चक्कर येतेय का? चेहरा हलवून दाखवा," असं कागदावर लिहून समोर धरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, गाल फुगवले, दात दाखवले. सगळं शाबूत. मग पुन्हा भिंतीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेल्या. पट्टी काढायला माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांच्या तिथल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून काढून घेतली. मी फोन केला की इंदूअक्का उचलायच्या. "बरी आहे. बोलत नाही कुणाशी." आणि ठेवायच्या.

ते दिवस मला वाईट गेले. मी ऑपरेशन करत होतो, पेशंट बघत होतो, पण एखादी म्हातारी पांढऱ्या साडीत ओपीडीत आली की मान वर व्हायची. आपण बरोबर केलं याची खात्री होती. तिचा उपयोग होत नव्हता.

मग एका दुपारी, ओपीडी संपून मी डबा उघडत होतो, तेव्हा दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मागे इंदूअक्का. फोन नाही, काही नाही, सरळ बसने.

"व्हिडिओ दाखव," मॅडम म्हणाल्या.

मायक्रोस्कोपला कॅमेरा असतो. ऑपरेशन रेकॉर्ड होतं. मी कॉम्प्युटर लावला. मॅडमनी खुर्ची जवळ ओढली, चष्मा पुसला. पडदा उलटताना बघून म्हणाल्या, "चांगला उचललास." हाड खरवडताना मान डोलावली. नस दिसली तिथे म्हणाल्या, "थांबव." चित्र थांबवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. किती कान उघडून बघितले असतील त्यांनी. स्वतःचा पहिल्यांदाच बघत होत्या.

"मागे घे." मी घेतलं. "पुन्हा." पुन्हा घेतलं.

मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "पेशंट म्हणून मी पुढे जा म्हटलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा कान असता तर तुझा हात धरला असता."

मी मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला माहीत होतं, मॅडम."

"मग मला सांगितलंस कशाला काय दिसतंय ते?"

"तुम्ही विचारलंत."

"विचारेना का! पेशंट काहीही विचारतो. मुकाट्याने बंद करायचं आणि बाहेर आल्यावर सांगायचं. मला तिथे झोपवून माझंच मत घेतोस? माणूस टेबलावर घाबरलेला असतो. मी घाबरले होते." मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "भरीत आहे का? दे."

आम्ही तिघांनी त्या एका डब्यात जेवण केलं. इंदूअक्कांनी पिशवीतून त्यांच्या भाकरी काढल्या. भरतात तेल कमी आहे, यावर दोघी बहिणींचं एकमत झालं. जेवून हात धुतल्यावर मॅडम म्हणाल्या, "ती मशीनवाली मुलगी आहे का आज?"

होती. नेहा आमची ऑडिओलॉजिस्ट. ऐकण्याच्या चाचण्या घेणं आणि मशीन बसवणं हे तिचं काम. मॅडमचं नाव ऐकून ती आधीच घाबरली होती. तिने ट्रायलची मशीनं दोन्ही कानांमागे बसवली, कॉम्प्युटरवर आवाजाची पातळी लावली आणि चालू केली.

मॅडमनी मान झटकन वर केली. "हा पंखा नेहमी असाच वाजतो?"

"हो मॅडम," मी नेहमीच्या आवाजात म्हणालो.

"दुरुस्त करून घे." मग पुढ्यातला कागद चुरगाळून बघितला. साडीचा पदर कानाशी नेऊन चोळला. बाहेर रिसेप्शनवर कोणीतरी हसलं, तिकडे वळून बघितलं.

"येस का ऐकू?" इंदूअक्कांनी विचारलं. नेहमीसारखंच, भिंती हादरतील असं.

मॅडम दचकल्या. "केवढ्याने ओरडतेस गं!"

"तुले ऐकू यावं म्हणून!"

"येतंय. हळू बोल."

इंदूअक्कांनी हळू बोलायचा प्रयत्न केला. जमेना. इतक्या वर्षांची सवय. शेवटी त्यांनी अगदी कुजबुजून विचारलं, "आता?"

"आता आलं," मॅडम म्हणाल्या. इंदूअक्का पदराने तोंड झाकून हसायला लागल्या, आणि मग ते हसू राहिलं नाही. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. नेहाने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. मीही उगाच फोर्क पुसत बसलो.

मागच्या हिवाळ्यात मी धुळ्याला गेलो होतो. देवपुरातल्या त्या दवाखान्यात सोमवारी गेलो. बाकं भरलेली. मॅडमच्या टेबलाशेजारी एक स्टूल होतं, तिथे मला बसवलं, पूर्वी आम्हा रेसिडेन्टना, शिकाऊ डॉक्टरांना, बसवायच्या तसं. एक म्हातारे शेतकरी समोर होते. सुनेने आणलेले. मशीन घेतलं होतं, पण ते खिशात होतं.

"कानात लावा ना, आबा," मॅडम म्हणाल्या.

"लोक हसतात."

मॅडमनी कानावरचे केस मागे केले. "हे बघा. मी लावते. हसा."

आबा हसले नाहीत. थोडा वेळ बघितलं, मग खिशात हात घातला. सुनेने मशीन लावून दिलं. त्यानंतर मॅडमनी माझ्यासाठी चहा मागवला, एका पोराचा कान दाखवला, "पडद्याला भोक आहे ना?" विचारलं. होतं. सकाळ कशी गेली कळलं नाही. उठताना वाटलं, आता वॉर्डाचा राउंड असेल. पण वॉर्ड नव्हता, आणि मला जळगावला संध्याकाळची ओपीडी होती.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. टेबलावर झोपलेल्या माणसाचं मत घ्यायचं नाही, मग तो कोणीही असो. जे ठरवायचं ते आधी, खुर्चीत बसून, चहा पिताना ठरवायचं. आता कानाच्या प्रत्येक ऑपरेशनआधी मी पेशंटला सांगतो, "आत गेल्यावर कदाचित मी काहीही न करता परत येईन. तसं झालं तर रागवा, पण बाहेर आल्यावर." बहुतेक जण मान डोलावतात. काही जण हे ऐकून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ देत.